गहू बंद झालेल्या घरासाठी: ग्लूटेनमुक्त आहाराची सुरुवात आणि खरेदी

सात वर्षांपूर्वी आमच्या मुलीला सिलिअ‍ॅक रोगाचे निदान झाले आणि 'आता गहू कायमचा बंद' हे वाक्य ऐकून आम्ही दवाखान्यातून थेट एका मोठ्या दुकानात गेलो. तेथून ग्लूटेनमुक्त ब्रेड, ग्लूटेनमुक्त बिस्किटे, ग्लूटेनमुक्त पास्ता असा पिशवीभर महाग माल घेऊन घरी आलो. ब्रेड भुसभुशीत निघाला, पास्ता तिला आवडला नाही, आणि आठवडाभरात लक्षात आले की ज्या ज्वारीच्या भाकरीवर तिची पणजी वाढली, ती तर घरात होतीच. नव्याने या वाटेवर आलेल्या मराठी कुटुंबांना मला सांगायचे आहे ते एवढेच, की आपल्या स्वयंपाकात ग्लूटेनमुक्त अन्नाची वानवा नाही. अडचण आहे ती जिथे गहू असेल अशी शंकाही येत नाही, अशा दोन-तीन जागांची. या लेखाचा बराचसा भाग त्या जागांविषयी आहे.

तपासणी पूर्ण झाल्याशिवाय गहू सोडू नये

ग्लूटेन हे गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखे एक परदेशी धान्य) या धान्यांमधील प्रथिनांचे नाव आहे. कणीक मळल्यावर ती लवचिक होते, पोळी फाटत नाही, पाव फुगतो, हे सारे ग्लूटेनमुळे घडते. सिलिअ‍ॅक रोगात हे प्रथिन पोटात गेले की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या अस्तरावर बोटांच्या आकाराचे जे सूक्ष्म उंचवटे असतात ते झिजून सपाट होतात आणि अन्नातील लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे अंगी लागेनाशी होतात. म्हणूनच काही जणांना जुलाब आणि पोटफुगी होते, तर काही जणांमध्ये केवळ न हटणारा रक्तक्षय, मुलांची खुंटलेली उंची किंवा ठिसूळ हाडे एवढेच लक्षण दिसते. बोलताना आपण याला 'गव्हाची अ‍ॅलर्जी' म्हणतो, परंतु गव्हाची खरी अ‍ॅलर्जी हा निराळा आजार आहे आणि त्याचे पथ्यही निराळे असते.

निदानासाठी आधी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करतात आणि मग बहुधा दुर्बिणीने आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून तपासतात. या दोन्ही तपासण्या होईपर्यंत रुग्णाच्या आहारात गहू असणे आवश्यक असते, कारण गहू थांबवला की रक्तातील प्रतिपिंडे उतरू लागतात, आतडे भरून येऊ लागते आणि खरा रोगी तपासणीत निरोगी ठरू शकतो. कोणाच्या तरी सल्ल्याने 'महिनाभर गहू सोडून पाहू' असे करणाऱ्यांची पुढे फार ओढाताण होते. निदान नक्की करण्यासाठी त्यांना पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो. त्यामुळे अजून तपासणी झालेली नसेल, तर पुढील मजकूर वाचावा, पण त्यावर अंमल करण्याची घाई करू नये.

किती म्हणजे फार

नवख्या कुटुंबाला पथ्याचे गांभीर्य पटावे म्हणून मी एक हिशेब नेहमी सांगते. सिलिअ‍ॅक रुग्णांपैकी बहुतेकांना दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन सोसते असे मानले जाते. एका मध्यम आकाराच्या पोळीत २ ग्रॅमांहून अधिक ग्लूटेन असते. याचा अर्थ असा, की एका पोळीचे दोनशे तुकडे केले तर त्यातला एखादा तुकडा एवढीच काय ती मोकळीक. 'एखाद्या दिवशी अर्धी पोळी खाल्ली तर काय होते', 'मोदकाला हात लावू नकोस, पण प्रसाद म्हणून चिमूटभर शिरा घे', अशा प्रेमळ आग्रहांना उत्तर देताना हा हिशेब उपयोगी पडतो. त्या चिमूटभर शिऱ्यानंतर पोट दुखले नाही, म्हणून आतड्याला इजा झाली नाही असे होत नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

काय बंद आणि काय चालू

बंद होणाऱ्या पदार्थांमध्ये गहू आणि त्याची सर्व रूपे येतात: कणीक, मैदा, रवा, सांजा, दलिया, लापशी, शेवया, कुरडया आणि गव्हाचा चीक. खपली गव्हाविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण तो पचायला हलका आहे, देशी आहे, म्हणून 'यांना चालेल' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे आणि सिलिअ‍ॅक रुग्णाला तो मुळीच चालत नाही. जव, म्हणजे आपल्याकडे ज्याला सातू म्हणतात ते धान्य, हेही बंद. सातूच्या पिठात तर अनेक घरांत गहूच भाजून घालतात. ओट्समध्ये मुळात गव्हाचे ग्लूटेन नसले तरी शेतापासून कारखान्यापर्यंत ते गव्हाच्या संगतीत असतात, म्हणून पहिल्या काही महिन्यांत ते टाळावेत आणि पुढे डॉक्टरांना विचारूनच ग्लूटेनमुक्त असे स्पष्ट लिहिलेले ओट्स थोडे थोडे घेऊन पाहावेत.

चालू राहणाऱ्यांची यादी पुष्कळ मोठी आहे. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरई, राळा, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, कुट्टू, सर्व डाळी आणि कडधान्ये, भाज्या, फळे, दूध, दही, अंडी, मासे, मटण, शेंगदाणे, तीळ, खोबरे, गूळ, साखर, तेल आणि तूप हे सारे मूळ रूपात निर्धोक आहे. आपल्या उपासाचे फराळाचे सामान तर जवळजवळ संपूर्ण ग्लूटेनमुक्त आहे. घरातील कोणाचा उपास असेल त्या दिवशी आमची मुलगी निश्चिंत असते, कारण त्या दिवशी सगळ्यांचे ताट तिच्या ताटासारखे असते. निदानानंतरचे पहिले काही आठवडे दुधानेही पोट बिघडू शकते, कारण दुधातील साखर पचवणारे विकर त्याच झिजलेल्या अस्तरात तयार होते. आतडे सुधारले की बहुतेकांना दूध पुन्हा पचू लागते.

हिंग, मेतकूट आणि भाजणी

आता त्या शंका न येणाऱ्या जागांविषयी. घरातून पोळी हद्दपार करून सहा महिने झाले, तरी मुलीच्या रक्तातील टीटीजीचा आकडा अपेक्षेइतका उतरला नव्हता. आहारतज्ज्ञ बाईंनी आम्हाला स्वयंपाकघरातील सर्व डबे, बाटल्या आणि पुड्यांच्या वेष्टनांची छायाचित्रे आणायला सांगितली, आणि ती चाळताना त्यांचे बोट हिंगाच्या डबीवर थांबले. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो तसाच वापरता येत नाही. बाजारात मिळणारा बंधानी हिंग डिंक आणि एखाद्या धान्याचे पीठ मिसळून केलेला असतो, आणि हे पीठ अनेकदा गव्हाचे असते. आमच्या वरणात, आमटीत, कढीत, भाजीत, लोणच्यात आणि पोह्यांतही दररोज दोन्ही वेळा तो पडत होता. तेव्हापासून आमच्याकडे वेष्टनावर तांदळाचे पीठ किंवा केवळ डिंक लिहिलेला, ग्लूटेनमुक्त असा स्पष्ट उल्लेख असलेला हिंगच येतो. खडा हिंग घेतला म्हणजे सुटलो असेही समजू नये, कारण खडेही मिश्रणाचे असू शकतात. खात्रीचा हिंग मिळेपर्यंत फोडणीत लसूण आणि जिरे यांवर भागवावे.

याच कारणाने पंगतीतील साधे वरण-भातही निर्धोक धरता येत नाही. 'याला गहू चालत नाही, साधे वरण-भात तरी वाढा', असे म्हणणाऱ्या यजमानांचा हेतू चांगलाच असतो, तेव्हा त्यांना हिंगाबद्दल आधीच सांगून ठेवावे आणि एका वाटीभर वरणाला फोडणी न घालता ते बाजूला काढून ठेवण्याची विनंती करावी.

मेतकुटात हरभरा डाळ, उडीद डाळ आणि तांदूळ यांबरोबर गहू घालण्याची रीत आहे. थालीपिठाच्या भाजणीतही बहुतेक घरांत मूठभर गहू जातो. आंबोळीच्या तयार पिठात तो कधी असतो, कधी नसतो. चकलीची भाजणी बहुधा तांदूळ आणि डाळींची असते, पण घरोघरी रीत वेगळी, म्हणून विचारूनच घ्यावी. या तिन्ही-चारही गोष्टी गहू वगळून घरी करता येतात आणि चवीत फारसा फरक पडत नाही. भाजणीत गव्हाऐवजी तेवढीच ज्वारी वाढवली आणि पीठ कोमट पाण्यात भिजवले, तर थालीपीठ नीट थापले जाते.

गिरणीचा प्रश्न

ज्वारी ग्लूटेनमुक्त आहे, पण ज्वारीचे पीठ तसे असेलच असे नाही. गिरणीत आपल्या आधी कोणाचे तरी गव्हाचे दळण झालेले असते, त्याचे पीठ जात्यात आणि पिशवीत साचलेले असते आणि ते आपल्या पिठात उतरते. दोनशे तुकड्यांचा हिशेब आठवला म्हणजे ही भेसळ किती मोठी आहे ते कळेल. ज्वारी-बाजरीसाठी वेगळे जाते असलेली गिरणी जवळ असेल तर चालकाला शांतपणे आजार समजावून सांगावा आणि त्या जात्यात गहू कधीच पडत नाही ना, हे विचारावे. 'आधी ज्वारी काढतो, मग गहू टाकतो' एवढ्यावर समाधान मानू नये, कारण कालचा गहू त्यात असतोच.

ऐपत असेल तर घरघंटी हा यावरचा सर्वांत चांगला उपाय आहे, आणि माझ्या मते महागड्या ब्रेड-बिस्किटांवर होणारा वर्षभराचा खर्च वाचवून आधी तीच घ्यावी. अट एकच, की त्या घरघंटीत कोणाच्याही आग्रहाने, शेजाऱ्यांच्या अडीअडचणीलाही, गहू टाकायचा नाही. जुनी, वापरलेली घरघंटी घेऊ नये. घरघंटी घेणे शक्य नसेल तर भिजवून वाटण्याच्या पदार्थांवर भर द्यावा. तांदूळ धुऊन, भिजवून मिक्सरवर वाटले की घावन, आंबोळी, इडली, डोसे यांसाठी गिरणीची पायरी चढावीच लागत नाही.

दळणाआधी धान्य निवडण्याची जुनी सवय पुन्हा लावून घ्यावी. ज्वारी, बाजरी आणि डाळी पांढऱ्या ताटात पसरून निवडल्या तर अधूनमधून गव्हाचे दाणे सापडतात. निवडून, धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून मगच दळावे. किराणा दुकानातील सुटे पीठ मात्र कधीही घेऊ नये, कारण एकच माप मैद्याच्या आणि बेसनाच्या पोत्यात फिरत असते. बेसनही हरभरा डाळ आणून घरी दळलेले उत्तम.

स्वयंपाकघराची मांडणी

घरातील इतरांसाठी पोळ्या होणार असतील तर काही वस्तू सरळ दोन कराव्या लागतात. लाकडी पोळपाट-लाटणे, पिठाची चाळणी, लोखंडी तवा, झारा आणि लाकडी उलथने यांच्या भेगांत आणि जाळीत पीठ अडकून राहते, म्हणून ग्लूटेनमुक्त स्वयंपाकासाठी ती नवी आणि वेगळी असावीत. स्टीलची पातेली, ताटे, वाट्या साबणाने नीट घासल्या तर दोघांना चालतात. कणीक चाळताना पीठ बराच वेळ हवेत तरंगते आणि उघड्या पातेल्यात पडते, म्हणून आधी ग्लूटेनमुक्त स्वयंपाक करून झाकून ठेवावा आणि मग कणकेला हात घालावा. तळणीचे तेल एकच असेल तर आधी साबुदाणा वडे आणि मग पुऱ्या, हा क्रम कधीही उलटू नये. लोणी, जॅम आणि चटणीच्या बरणीत पोळीचा चुरा लागलेला चमचा जातो, हे लहान वाटले तरी नेहमी घडते. आमच्याकडे या बरण्यांवर लाल फीत बांधलेली असते आणि तिचा अर्थ घरकाम करणाऱ्या मावशींपासून आजोबांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे.

दोन स्वयंपाक सांभाळण्यापेक्षा रात्रीचे जेवण सर्वांसाठीच भाकरीचे करावे, हा निर्णय आम्ही दुसऱ्या महिन्यात घेतला. मुलीचे ताट वेगळे दिसेनासे झाले आणि चुका निम्म्यावर आल्या.

वेष्टन कसे वाचावे

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार ज्या पदार्थात ग्लूटेनचे प्रमाण किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, त्यालाच ग्लूटेनमुक्त म्हणता येते. २० ते १०० मिलिग्रॅमपर्यंतच्या पदार्थावर 'कमी ग्लूटेन' असे लिहिता येते, आणि तो पदार्थ सिलिअ‍ॅक रुग्णासाठी नाही. ग्लूटेन असलेली धान्ये घटकांत असतील तर तसे अ‍ॅलर्जीविषयक सूचनेत नमूद करणे उत्पादकावर बंधनकारक आहे. ही सूचना घटकांच्या यादीजवळच असते, म्हणून पुडा हातात घेतला की प्रथम तिच्याकडे पाहावे आणि नंतर संपूर्ण यादी वाचावी.

यादीत गहू, मैदा, रवा आणि सूजी ओळखू येतात. सेमोलिना, ड्युरम, बल्गर, कुसकुस, स्पेल्ट, बार्ली, माल्ट आणि माल्ट अर्क ही नावे मुद्दाम लक्षात ठेवावी लागतात. माल्ट जवापासून होतो आणि तो दुधात घालण्याच्या पौष्टिक पावडरींत, कॉर्नफ्लेक्समध्ये, चॉकलेटांत आढळतो. सोया सॉस बहुधा गहू घालून आंबवलेला असतो. याउलट माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव माल्टसारखे असले तरी त्याचा जवाशी संबंध नाही आणि ते चालते. 'मल्टिग्रेन' पिठात सर्वांत मोठा वाटा बहुतेक वेळा गव्हाचाच असतो, आणि नाचणी बिस्किटांत नाचणीपेक्षा मैदा अधिक असू शकतो. पुढच्या बाजूचे चित्र पाहून वस्तू कधीही टोपलीत टाकू नये. नेहमीच्या वस्तूचेही वेष्टन दर वेळी वाचावे, कारण उत्पादक घटक बदलतात. औषधाच्या गोळ्यांतही स्टार्च असू शकते, तेव्हा औषध घेताना डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला आजाराची कल्पना द्यावी.

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की तेथील अ‍ॅलर्जीसूचनेच्या सक्तीत गहू आहे, जव नाही. म्हणून सूचनेत गहू नसला तरी घटकांत माल्ट शोधावाच लागतो.

पोळीच्या जागी काय

ज्यांना भाकरी थापण्याची सवय नाही, त्यांनी उकड काढून सुरुवात करावी. जेवढे पीठ तेवढेच पाणी चिमूटभर मीठ घालून उकळावे, पीठ घालून ढवळावे, झाकून पाच मिनिटे वाफ आणावी आणि गरम असतानाच पाण्याच्या हाताने चांगले मळावे. ही ज्वारीची किंवा तांदळाची उकड पोळीसारखी लाटता येते आणि डब्यात नेली तरी मऊ राहते. ज्वारी शक्यतो ताजी दळलेली असावी, कारण जुने पीठ विरी जाते आणि भाकरीला भेगा पडतात. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी मिळाली तर भाकरी पांढरी आणि गोडसर होते. केक किंवा पावासारखे काही करायचे असेल तर चमचाभर इसबगोल पिठाला चिकटपणा देते.

निव्वळ तांदूळ आणि साबुदाण्यावर दिवस काढणे सोपे असले तरी योग्य नाही, कारण या रुग्णांत लोह आणि कॅल्शियमची आधीच तूट असते. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, बाजरीतून लोह मिळते, आणि सोबत डाळ, उसळ, पालेभाजी आणि लिंबू असावे. आमचा आठवडा ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांत वाटलेला असतो.

घराबाहेर आणि सणावारी

प्रवासात भाकरी-चटणी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि केळी बरोबर असली की अडत नाही. उपाहारगृहात इडली घ्यावी, सांबार मात्र हिंगाची चौकशी केल्याशिवाय घेऊ नये. बटाटेवड्याचे आवरण बेसनाचे असते, पण कढई समोसे-कचोऱ्यांची असते. मिसळीतील फरसाणात मैद्याचे तुकडे असू शकतात. शाळेत वर्गशिक्षकांना लेखी कल्पना द्यावी आणि वाढदिवसाच्या केकऐवजी देण्यासाठी त्यांच्याकडे एक हवाबंद खाऊचा डबा ठेवून द्यावा. हा डबा रिकामा होऊ न देणे हे आमच्या घरी वडिलांचे काम आहे.

गणपतीत उकडीचे मोदक, दिवाळीत अनारसे, बेसनाचे लाडू आणि चकली, संक्रांतीला तिळाचे लाडू, हे सारे गव्हावाचून होते. पुरणही चालते, ते तांदळाच्या उकडीच्या पारीत भरावे. दिव्यांच्या अमावस्येला कणकेऐवजी बाजरीचे दिवे करावेत, तशी रीत कित्येक घरांत पूर्वीपासून आहे. आमच्या सत्यनारायणाला तांदळाच्या रव्याचा शिरा असतो आणि गुरुजींनी त्याला आनंदाने संमती दिली. वसईतील आणि गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांनी कम्युनियनच्या भाकरीबाबत धर्मगुरूंशी आधीच बोलावे. ती गव्हाचीच असावी लागते, परंतु अत्यल्प ग्लूटेनची भाकरी कॅथलिक चर्चला मान्य आहे, आणि तीही नको असल्यास केवळ द्राक्षरस घेता येतो.

पहिल्या वर्षातील तपासण्या

पथ्य सुरू झाल्यावर साधारण सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने टीटीजीची तपासणी करतात. आकडा उतरत नसेल तर मुलाला रागावण्याआधी डबे तपासावेत. लोह, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ यांचीही तपासणी करून घ्यावी आणि मुलांची उंची व वजन दर तीन महिन्यांनी वहीत लिहून ठेवावे. आमच्या मुलीची उंची पहिल्या वर्षात वाढू लागली ती आम्हाला त्या वहीतच प्रथम दिसली. हा रोग अनुवंशाने चालत येत असल्याने आई, वडील आणि भावंडे यांनाही, काही त्रास नसला तरी, तीच रक्ततपासणी करून घेण्यास सांगतात, आणि ती त्यांनी स्वतः गहू सोडण्याआधी करावी. आमच्याकडे अशा तपासणीत मुलीच्या धाकट्या भावाचा अहवाल निर्दोष आला. तरीही त्याची तपासणी आम्ही डॉक्टरांच्या सांगण्यानुसार काही वर्षांनी पुन्हा करणार आहोत, आणि तोवर शाळेच्या डब्यात त्याला पोळीच मिळते.